पेशंटना द्यायचे पैसे कुठून आणू?

ताई, नमस्कार.

मी पीएच.डी.च्या दुसऱ्या वर्षाला आहे. हिमोडायलिसिसवर असलेल्या, म्हणजे मशीनने रक्त शुद्ध करून घेणाऱ्या, पेशंटना डायलिसिस झाल्यावर जो थकवा येतो, तो माझा विषय. विभागाकडून मिळणारा स्टायपेंड अजून वर्षभर चालेल. पुढच्या दोन वर्षांची सोय मला बाहेरून करायची आहे. ज्या फेलोशिपला अर्ज करतेय तिथे रुग्णांच्या सहभागाचा वेगळा भाग आहे आणि त्याला स्वतंत्र गुण आहेत. संशोधनाचा प्रश्न ठरवताना रुग्णांचा सहभाग कसा घेतला, असं त्यात विचारलंय. खरं सांगायचं तर घेतलाच नव्हता. गाईड म्हणतात, ‘आधी ग्रँट मिळू दे, मग पेशंटना बोलावू. तूर्तास ओळखीच्या एखाद्या पेशंटच्या सहीचं पत्र जोडून टाक.’ मला हे पटत नाही. पण पेशंटना आत्ता बोलवायचं तर त्यांचा येण्याजाण्याचा खर्च आला, मानधन आलं. ते माझ्या स्टायपेंडमधून देणं मला झेपणारं नाही. सहभाग नाही म्हणून पैसे नाहीत आणि पैसे नाहीत म्हणून सहभाग नाही, अशी गत झाली आहे. काय करू? आणखी एक विचारते. पेशंटनी खरंच काम केलं तर थीसिसवर त्यांचं नाव घालता येतं का?

– एक संशोधक विद्यार्थिनी

प्रिय मैत्रिणी,

ते पत्र जोडू नकोस. तुला ते खटकलं ते योग्यच आहे.

एक तर त्याचा उपयोग नाही. रुग्णांच्या सहभागाला गुण देणाऱ्या संस्था तो भाग वाचायला बहुतेक वेळा रुग्णांनाच बसवतात. आरोग्य संशोधनाला पैसे देणाऱ्या दोन संस्था घे: अमेरिकेत २०१० च्या आरोग्य कायद्यातून उभी राहिलेली पीकोरी असो की ब्रिटनची एनआयएचआर, दोन्हीकडे प्रस्तावांची छाननी करताना शास्त्रज्ञांच्या बरोबरीने रुग्ण आणि त्यांची काळजी घेणारी माणसंही असतात. ‘हा विषय महत्त्वाचा असून माझा याला पाठिंबा आहे’ असली चार ओळींची पत्रं त्यांनी ढिगाने पाहिलेली असतात. त्या पत्रात पेशंटचं म्हणणं काय आणि त्यामुळे प्रस्तावात काय बदललं, हे दोनच प्रश्न ते शोधतात. तुझ्या पत्रात या दोन्हींची उत्तरं नसणार.

दुसरं कारण मला जास्त महत्त्वाचं वाटतं. डायलिसिसवरचा माणूस आठवड्यातून तीनदा त्याच युनिटमध्ये येतो, त्याच डॉक्टरांच्या आणि नर्सच्या हाती आपला हात देतो. त्या युनिटमधल्या कुणी कागद पुढे करून ‘इथे सही करा’ म्हटलं तर तो नाही म्हणू शकेल का? त्याला नाही म्हणायची मोकळीक नसताना घेतलेल्या सहीला सहभाग म्हणता येत नाही. गाईडना हे असंच सांग. ते वाईट हेतूने बोलले असतील असं मला वाटत नाही. ज्या काळात त्यांनी ग्रँटा मिळवल्या त्या काळात असं पत्र चालून जायचं, इतकंच.

आता पैशांचं बोलू. तुझ्या पत्रात दोन वेगवेगळे खर्च एकात एक मिसळले आहेत आणि म्हणून कोंडी वाटते तेवढी मोठी दिसते आहे. एक खर्च तुझा: स्टायपेंड, फी, प्रवास. दुसरा पेशंटच्या सहभागाचा. या दोन्हींचे स्रोत वेगळे असतात, नियम वेगळे असतात, आणि मुख्य म्हणजे ते वेगवेगळ्या वेळी लागतात. फेलोशिप साधारणपणे माणसाला दिली जाते. तुझी तयारी, तुझे गाईड, तुझी संस्था, तुझा विषय बघून. काही फेलोशिपमध्ये संशोधनाचा खर्च आणि पेशंटचं मानधन दोन्ही मागता येतं. एनआयएचआरच्या डॉक्टरेट फेलोशिपमध्ये पगार आणि फी यांच्याबरोबर रुग्णसहभागाचा खर्चही धरता येतो. काही फेलोशिप मात्र नुसता स्टायपेंड देतात, बाकी एक पैसा नाही. तुझी कुठल्या प्रकारची आहे हे नियमावलीतल्या ‘मान्य खर्च’ या भागात बघ. तिथे स्पष्ट लिहिलेलं नसेल तर त्यांच्या ऑफिसला मेल करून विचार. हे मेल लिहायला विद्यार्थी उगाच बिचकतात. असल्या चौकशा तिथे रोज येतात आणि त्याचा गुणांवर काही परिणाम होत नाही.

अर्जाच्या आधी जो सहभाग हवा आहे, त्याला लागणारी रक्कम तुला वाटते त्यापेक्षा पुष्कळ कमी असते. प्रश्न नीट करून घ्यायला चार ते सहा माणसं पुरतात, प्रत्येकी एक-दीड तासाच्या दोन बैठका पुरतात, आणि त्या फोनवर किंवा व्हिडिओ कॉलवर घेता येतात. एवढे पैसे फेलोशिपमधून यायची गरज नाही आणि तुझ्या खिशातून तर मुळीच नाही. ते गाईडच्या चालू ग्रँटमधून, विभागाच्या किरकोळ निधीतून किंवा विद्यापीठाच्या संशोधन कार्यालयातून यायला हवेत. यासाठी वेगळा निधी ठेवणाऱ्या संस्थाही आहेत. ब्रिटनमध्ये एनआयएचआरच्या संशोधन-साहाय्य सेवेने अर्जाआधी पेशंटशी बोलता यावं म्हणून छोट्या रकमा दिल्या आहेत. कॅनडात सीआयएचआर या आरोग्य संशोधनाला निधी देणाऱ्या सरकारी संस्थेने २०११ मध्ये रुग्णकेंद्री संशोधनाचं मोठं धोरण आखलं, त्यातून प्रांतोप्रांती मदतकेंद्रं उभी राहिली. संशोधकांना प्रशिक्षण देणं आणि त्यांची पेशंट-भागीदारांशी गाठ घालून देणं ही त्यांची कामं. तू जिथे आहेस तिथे असं काही आहे का, हे विद्यापीठाच्या संशोधन कार्यालयाला विचार. आपल्याच विद्यापीठात असा निधी आहे हे पुष्कळ गाईडना माहीत नसतं.

गाईडकडे जाताना ‘पेशंटसाठी पैसे द्या’ असं मोघम बोलू नकोस. एका कागदावर माणसं किती, तास किती, तासाचा दर किती, फोन-इंटरनेटचा खर्च किती आणि एकूण किती, एवढं लिहून ने. एकूण आकडा बघितला की ‘ग्रँट मिळाल्यावर बघू’ हे उत्तर देणं त्यांना अवघड जाईल.

दर काय धरायचा? एनआयएचआरच्या मार्गदर्शनात कित्येक वर्षं तासाला २५ पौंड हा दर राहिला. सीआयएचआरने २०१९ मध्ये पेशंट-भागीदारांना मोबदला देताना काय काय विचारात घ्यावं याचं टिपण काढलं. तुझ्या संस्थेचा दर ठरलेला असेल तर तोच घे. नसेल तर बैठकीला बोलावलेल्या बाहेरच्या तज्ज्ञाला तुमचा विभाग काय देतो ते विचार आणि तिथून सुरुवात कर. बैठकीआधी कागद वाचायला लागणारा वेळही मोजायचा. तुझं दहा पानी टिपण वाचायला डायलिसिसवरच्या माणसाला एक अख्खी संध्याकाळ लागू शकते.

आता त्या बैठकांत विचारायचं काय? ‘थकवा हा महत्त्वाचा प्रश्न आहे का?’ असं विचारून त्यांचा वेळ घालवू नकोस. याचं उत्तर आधीच मिळालेलं आहे आणि ते तुझ्या अर्जात पहिल्याच परिच्छेदात यायला हवं. मूत्रपिंडविकारांत कोणते परिणाम मोजावेत हे ठरवण्यासाठी साँग नावाचा आंतरराष्ट्रीय उपक्रम झाला. हिमोडायलिसिससाठी त्यांनी रुग्ण, त्यांचे घरचे आणि वैद्यकीय मंडळी अशा सगळ्यांची मतं ७० हून अधिक देशांतून टप्प्याटप्प्याने घेतली. डॉक्टरांनी मृत्यू आणि हॉस्पिटलमधल्या भरतीला जास्त वजन दिलं. पेशंटनी त्यांच्यापेक्षा जास्त वजन कशाला दिलं? प्रवास करता येणं, डायलिसिसशिवायचा मोकळा वेळ, आणि डायलिसिस झाल्यावर अगदी गळून जाणं. शेवटी प्रत्येक चाचणीत मोजावेत असे जे चार परिणाम ठरले, त्यांत मृत्यू, हृदयविकार आणि डायलिसिससाठी रक्तवाहिनीत केलेला मार्ग यांच्या बरोबरीने थकवा आहे. कॅनडात डायलिसिसवरच्या आणि डायलिसिसच्या उंबरठ्यावरच्या रुग्णांना बरोबर घेऊन संशोधनाचे दहा अग्रक्रम ठरवले गेले, ते २०१४ मध्ये प्रसिद्ध झाले. तिथेही पेशंटच्या रोजच्या त्रासाला जागा मिळाली: त्या यादीत अंगाला सुटणारी खाज आहे.

म्हणजे हजारेक माणसांनी तुझ्या विषयाची बाजू आधीच मांडून ठेवली आहे. ‘माझ्याकडे सहभाग शून्य’ असं जे तुला वाटतंय ते पूर्ण खरं नाही. दुसऱ्यांनी केलेलं हे काम तू स्वतःचं म्हणून दाखवायचं नाहीस, पण तुझा विषय पेशंटच्या अग्रक्रमातून आला आहे हे सांगायला ते पुरेसं आहे. संधिवाताचंही उदाहरण दे. आमवातात काय मोजावं हे ठरवणाऱ्या ओमेरॅक्टच्या परिषदेत २००२ मध्ये रुग्ण सहभागी झाले आणि त्यांनी थकव्याचा विषय लावून धरला. तोपर्यंत तज्ज्ञ मंडळी सुजलेले सांधे मोजत होती, दुखणं मोजत होती. थकवा त्यांच्या मोजमापात नव्हता. पुढच्या काही वर्षांत तो मोजावा अशी शिफारस झाली. पेशंटना बोलावल्याने संशोधन बदलतं याचा इतका स्वच्छ दाखला क्वचित सापडतो, आणि तो नेमका तुझ्या विषयातला आहे.

तुझ्या पेशंटना विचारायचं ते याच्या पुढचं. तुझ्या क्षेत्रात एक साधा प्रश्न वापरला जातो: ‘डायलिसिसनंतर सावरायला तुम्हाला किती वेळ लागतो?’ तू हा वापरणार असशील किंवा याच्या जवळपासचं काही. तो त्यांच्यासमोर ठेव आणि विचार की हा वेळ ते कधीपासून मोजतात. सुया काढल्या तेव्हापासून? घरी पोचल्यापासून? आणि ‘सावरलो’ म्हणजे काय? अंथरुणातून उठता आलं की स्वतःचं जेवण करून घेता आलं की कामावर जाता आलं? एक जण म्हणेल दोन तास, दुसरी म्हणेल दुसऱ्या दिवशी सकाळपर्यंत, आणि दोघांचा थकवा सारखाच असेल, मोजायची सुरुवात आणि शेवट तेवढे वेगळे असतील. असं काही बाहेर आलं तर तुझ्या मोजमापातच फरक पडेल, आणि तो फरक अर्जात लिहिण्याजोगा आहे. प्रश्नावली कधी भरून घ्यायची हेही विचार. डायलिसिस संपल्या संपल्या हातात कागद दिला तर तो कोण भरणार?

बैठकीची वेळ ठरवताना सावध राहा. डायलिसिसच्या दिवशी, डायलिसिसनंतर बैठक ठेवू नकोस. तुझा विषयच हा आहे. मशीनवर असताना बोलून घेऊ, चार तास ते तसेही पडूनच असतात, असं तुला कुणीतरी सुचवेल. मला ते मान्य नाही. हातात सुया आहेत, उठून जाता येत नाही, शेजारच्या खाटेवरचा सगळं ऐकतोय, नर्स येऊन-जाऊन आहे. अशा जागी कोण युनिटबद्दल मोकळं बोलेल? एखाद्याने स्वतःहून तीच वेळ मागितली तर गोष्ट वेगळी. एरवी मधल्या मोकळ्या दिवशी फोनवर बोल. माणसं शोधायलाही फक्त तुमच्या युनिटवर अवलंबून राहू नकोस. मूत्रपिंडाच्या रुग्णांच्या संघटना अनेक देशांत आहेत, त्यांच्यामार्फत निरोप पाठव. आलेल्या माणसाला तुमच्या हॉस्पिटलचं काही देणंघेणं नसेल तर तो जास्त खरं बोलेल. संघटनेला पैसे कुठून येतात तेवढं बघून घे. औषध कंपन्यांकडून येत असतील तर त्यात गैर काही असेलच असं नाही, पण ते अर्जात नमूद केलेलं बरं.

एथिक्स कमिटीबद्दल तू विचारलं नाहीस, पण गाईड तो मुद्दा काढतील. ज्याची माहिती आपण गोळा करतो तो संशोधनातला सहभागी. जो आपल्याबरोबर बसून संशोधन कसं करावं हे ठरवतो तो भागीदार. प्रश्न आणि पद्धत ठरवताना भागीदारांचा सल्ला घेण्यासाठी बऱ्याच ठिकाणी कमिटीची मंजुरी लागत नाही. तरी तुमच्या कमिटीला चार ओळींचं मेल पाठव आणि त्यांचं उत्तर जपून ठेव. एक पथ्य मात्र पाळावं लागेल. या बैठकांतलं बोलणं ‘डेटा’ म्हणून पुढे वापरायचं नाही. पेपरमध्ये त्यांची वाक्यं अवतरणात घालायचा मोह होईल. मंजुरी आणि संमती नसेल तर घालता येणार नाहीत.

अर्जात हे कसं लिहायचं? मी फेलोशिपच्या निवड समित्यांवर काम केलं आहे, त्यामुळे कोणतं वाक्य कसं वाचलं जातं ते सांगू शकते. विद्यार्थी साधारण असं लिहितात: ‘संशोधनाच्या सर्व टप्प्यांवर रुग्णांचा अर्थपूर्ण सहभाग सुनिश्चित केला जाईल.’ हे वाक्य कुठल्याही प्रस्तावात कुठल्याही आजारासाठी चालेल, म्हणून त्याला गुण मिळत नाहीत. त्याऐवजी हे बघ: ‘विषय आधी ठरला होता. त्यानंतर हिमोडायलिसिसवरच्या पाच जणांशी दोनदा चर्चा केली. सावरण्याचा वेळ कधीपासून मोजायचा यावर त्यांच्यात एकमत नव्हतं, म्हणून मोजमापात सुरुवात आणि शेवट दोन्ही स्पष्ट केले. प्रश्नावली डायलिसिसच्या दुसऱ्या दिवशी भरून घ्यावी असं चौघांनी सुचवलं, ते स्वीकारलं. प्रश्नावली निम्मी करावी ही सूचना पूर्ण स्वीकारता आली नाही, कारण तुलनेसाठी एक प्रमाणित मापन जसंच्या तसं ठेवणं भाग आहे.’ अर्थात तुझ्या बैठकीत जे खरंच घडेल तेच तू लिहायचंस. मी फक्त घडण दाखवली. ‘विषय आधी ठरला होता’ हे वाक्य टाकायला तुला भीती वाटेल. टाक. वाचणाऱ्याला ते माहीतच असतं आणि ते कबूल केल्यावर पुढच्या ओळींवर त्याचा विश्वास बसतो. न स्वीकारलेली सूचना सांगितलीस तर तो आणखी वाढतो, कारण सगळंच मान्य झालं म्हणणाऱ्याने मुळात विचारलं होतं का अशी शंका येते.

सोप्या भाषेतला सारांश सगळ्यात आधी लिही. डेडलाइनच्या आदल्या रात्री शास्त्रीय सारांशातले चार शब्द बदलून तो उरकला जातो, आणि पेशंट-परीक्षक वाचायला घेतात तो नेमका हाच भाग. तुझ्या पाच जणांपैकी एकाला तो फोनवर वाचून दाखव. जिथे तो ‘म्हणजे?’ विचारेल तिथे वाक्य बदल.

बजेटमध्ये ‘रुग्णसहभाग, किरकोळ’ अशी एकच ओळ आणि पुढे गोल आकडा, असं अजिबात नको. मानधन वेगळं, प्रवास वेगळा, सोबत येणाऱ्या माणसाचा प्रवास वेगळा, कारण आजारी माणूस एकटा प्रवास करू शकेलच असं नाही. घरी लहान मूल किंवा म्हातारं माणूस असेल तर त्यांच्याजवळ बसणाऱ्याचा खर्च. दुभाषी लागणार असेल तर तो. भागीदारांना प्रशिक्षण द्यायचं असेल तर ते. आणि परिषदेला एका भागीदाराला नेणार असशील तर तिथे डायलिसिसची सोय करण्याचा खर्च. ही शेवटची ओळ बघितली की तू या माणसांच्या आयुष्याचा खरोखर विचार केला आहेस हे कुणालाही कळेल. काही देशांत सरकारी भत्ता घेणाऱ्या माणसाला असं मानधन मिळालं तर त्याचा भत्ता अडचणीत येऊ शकतो. त्यामुळे प्रत्येकाला विचारून घ्यायचं: पैसे हवेत का, कोणत्या स्वरूपात हवेत, की नकोत. ‘ते काही पैशासाठी येत नाहीत’ हे आपण परस्पर ठरवायचं नाही.

याहून जास्त त्रास होतो तो पैसे प्रत्यक्ष हातात पडायला. अकाउंट्स विभाग पेशंटला पुरवठादार समजतो, त्याच्याकडून व्हेंडर फॉर्म भरून घेतो, बँकेचे कागद मागतो, आणि मग दोन-दोन महिने काही हालत नाही. पहिल्या बैठकीच्या आधी अकाउंट्समध्ये स्वतः जाऊन बस आणि कोणता फॉर्म, कुणाची सही, किती दिवस हे विचारून घे. प्रवासखर्च तरी आगाऊ किंवा त्याच दिवशी मिळाला पाहिजे. आजारी माणसाने स्वतःच्या पैशाने यायचं आणि मग विद्यापीठाच्या मागे लागायचं, हे मला कधीच सहन झालेलं नाही.

अर्ज एकाच ठिकाणी करू नकोस. राष्ट्रीय संस्थांच्या फेलोशिपची रक्कम चांगली असते, पण तिथे स्पर्धा सगळ्या विषयांची असते आणि नागरिकत्वाच्या किंवा निवासाच्या अटी असतात. त्या आधी वाच. आजारावर काम करणाऱ्या धर्मादाय संस्थांकडेही बघ. ब्रिटनमध्ये किडनी रिसर्च यूके आहे, कॅनडात किडनी फाउंडेशन ऑफ कॅनडा आहे, अशा संस्था तरुण संशोधकांना पैसे देतात आणि तिथे थकव्यासारखा विषय समजावून सांगावा लागत नाही. रक्कम कमी असली तरी दोन छोट्या रकमा जोडून वर्ष निघतं. फक्त एकाच वेळी दोन घेता येतात का हे नियमात बघ, आणि बाहेरचा पैसा आला की विभाग आपला स्टायपेंड तेवढाच कमी करतो का हेही लेखी विचारून ठेव. अनेक ठिकाणी करतात.

पहिल्या फेरीत नकार आला तर परीक्षकांचे शेरे मागून घे आणि ते तुझ्या पेशंट-भागीदारांनाही सांग. अर्जात त्यांचे तास गेले आहेत. नकार आला की विद्यार्थी संकोचाने गप्प होतात आणि मग सहा महिन्यांनी पुन्हा फोन करतात. तसं करू नकोस.

एक गोष्ट जड आहे, पण बोलायला हवी. तुझं काम दोन-तीन वर्षं चालेल आणि तुझे भागीदार गंभीर आजारी आहेत. कुणी हॉस्पिटलमध्ये भरती होईल, कुणाचं प्रत्यारोपण होईल आणि त्याला हा विषय पुन्हा नको वाटेल, कदाचित कुणी जाईल. दोन जागी चार माणसं ठेव, एकावर सगळा भार टाकू नकोस, आणि कधीही कारण न देता थांबायची मोकळीक पहिल्याच दिवशी दे. हे अर्जातही लिही. पण त्याआधी स्वतःशी आणि गाईडशी बोलून ठेव की असं काही झालं तर तू कुणाकडे जाशील. डॉक्टर नसलेल्या संशोधकाला हे कुणी शिकवत नाही.

राहिला तुझा थीसिसचा प्रश्न. थीसिस पदवीसाठी असतो, त्यावर लेखक म्हणून एकटीचंच नाव लागतं. पेशंट-भागीदारांनी काय काय केलं हे तू प्रस्तावनेत आणि पद्धतीच्या प्रकरणात नेमकं सांग. त्यासाठी २०१७ मध्ये आलेली ग्रिप-२ ही यादी आहे. तिच्या छोट्या आवृत्तीत पाचच मुद्दे आहेत: सहभागाचा हेतू, पद्धत, परिणाम, चर्चा, आणि काय साधलं-काय नाही याचा विचार. थीसिसमधून निघणाऱ्या पेपरचं वेगळं आहे. तिथे वैद्यकीय नियतकालिकांच्या संपादक समितीच्या, म्हणजे आयसीएमजेईच्या, चार अटी पूर्ण करणारा कुणीही लेखक होऊ शकतो: कामात भरीव वाटा, मसुदा लिहिण्यात किंवा तपासण्यात भाग, अंतिम मसुद्याला मान्यता, आणि कामाची जबाबदारी. पेशंटनी पहिली अट पूर्ण केलेली असते, पण मसुदा त्यांना दाखवलाच जात नाही आणि मग ‘अटी पूर्ण नाहीत’ म्हणून नाव गळतं. मसुदा पाठव, वाचायला वेळ दे, त्या वाचनाचंही मानधन बजेटमध्ये धर. नाव छापायच्या आधी मात्र प्रत्येकाला समोर बसून विचार. पेपर इंटरनेटवर कायम राहतो, नाव शोधणाऱ्या कुणालाही त्यांचा आजार कळेल, नोकरी देणाऱ्यालाही. काहींना नाव हवं असतं, काहींना आभारात नुसतं पहिलं नाव पुरतं, काहींना काहीच नको असतं; आणि पेपर छापून येईपर्यंत मत बदललं तर तेही चालेल हे त्यांना सांगून ठेव.